एकही ध्यास नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी महोदया,
प्रवेश कक्ष, पहिला मजला,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : प्रवेश अर्जातील रकाना क्र. ७ (‘आपल्या आयुष्याला दिशा देणारा एकमेव ध्यास’) कोरा ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज, ‘एकच लिहावा’ या शेऱ्यासह परत.
२) माझा दुसरा अर्ज, ‘रकाना भरलेला नाही’ या शेऱ्यासह परत.

महोदया,

वरील दोन्ही शेरे मला पोहोचले आणि पटलेही. तरी तिसऱ्यांदा आपल्याला त्रास देण्याचे धाडस करीत आहे, कारण मुदत उद्या संपते आणि मला ध्यास अद्याप लागलेला नाही.

१. पहिल्या अर्जात मी सदर रकान्यात नद्या, हाडे, जुनी कुलपे आणि पक्ष्यांची घरटी असे लिहिले होते. जागा पुरेना म्हणून समासातही लिहिले, त्याबद्दल दिलगीर आहे. दुसऱ्या वेळी खोटे लिहिण्यापेक्षा काहीच लिहू नये असे ठरवले. हा माझा प्रामाणिकपणा आपल्या कार्यालयाला विसरभोळेपणा वाटला असावा.

२. माझी ही अवस्था कशी झाली त्याचा खुलासा असा. आमचे फोटो फ्रेमचे दुकान आहे. वडील लाकडी पट्ट्या कापून कोपरे जुळवतात, आई काच कापते, आणि जो ज्या दिवशी नसेल त्याचे काम मी करते. गिऱ्हाइकाने फ्रेम करायला आणलेल्या वस्तूची खोदून खोदून चौकशी करणे ही माझी जुनी खोड आहे. भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक नदीचा जुना नकाशा घेऊन आले, तर नदीने पात्र का बदलले हे कळेपर्यंत मी त्यांना खुर्चीवरून उठू दिले नाही. एका बाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला. नवरा पुन्हा चालू लागला, म्हणून त्यांना तो दिवाणखान्यात लावायचा होता. त्यानंतर बरेच दिवस मी घरातल्या प्रत्येकाचे गुडघे दाबून पाहत होते. शेवटी वडील म्हणाले, “बाळा, आपलं फ्रेमचं दुकान आहे, चौकशी आयोग नाही.” परंतु वस्तू दुकानाबाहेर गेली की पुढचे गिऱ्हाईक दुसरेच काहीतरी घेऊन येते आणि माझे मन तिकडे धावते. आईने यावर एक म्हण वापरली आहे. ती शासकीय कागदावर लिहिण्याजोगी नाही.

३. ध्यास लागावा म्हणून मी प्रयत्न केले नाहीत असे कृपया समजू नये. मामांनी व्हायोलिन आणून दिले. थोड्याच दिवसांत शेजारच्या औषधवाल्या काकांनी आमच्या घरी कापसाचे पुडके पाठवले आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मला प्रवेश मार्गदर्शकांकडे नेण्यात आले. त्यांनी डोळे मिटून विचारले, “तुझी झोप उडवणारं असं आयुष्यात काय आहे?” मी नीट विचार करून ‘डास’ असे उत्तर दिले. त्यांनी डोळे उघडले.

निघताना त्यांनी ‘कुतूहल’ असे लिहून टाक, असा सल्ला दिला. मी तसे कच्च्या कागदावर लिहूनही पाहिले. पण नातेवाइकांचे गुडघे दाबण्याला एवढे भारदस्त नाव द्यायची मला लाज वाटली.

४. या बाबतीत माझा मावसभाऊ आमच्या घराण्याचा आदर्श आहे. बुरशी हा ध्यास लिहून तो दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे दाखल झाला. त्याच्या फडताळातला शिळा पाव फेकायची मावशीचीही टाप नव्हती. आम्ही सगळे त्याला ‘बुरशीदादा’ म्हणतो. परवा चहा करताना त्याने हळूच सांगितले, की हल्ली बुरशी बघून त्याला मळमळते, आणि तो नाट्यविभागात जाऊन नेपथ्याचे पडदे रंगवत बसतो. पण विभागातल्या सरांनी त्याच्या बुरशीसाठी वेगळा फ्रीज घेतला आहे, त्यामुळे आता बोलायची सोय नाही. सदर माहिती त्याच्या विभागास कळवू नये, ही स्वतंत्र विनंती.

५. इतके असूनही मला आपल्याच विद्यापीठात यायचे आहे आणि फार यायचे आहे. प्रवेशेच्छूंसाठी आपण विद्यापीठ खुले ठेवले होते, त्या दिवशी मी चुकीच्या दारातून आत शिरले. तिथे पूल का पडतात हे चालले होते. तिथून बाहेर पडून योग्य खोली शोधताना तान्ही मुले का रडतात या वर्गात जाऊन बसले. पुढे तर मी योग्य खोली शोधणेच सोडून दिले. आई फाटकाशी ताटकळत राहिली. दिवसभरात मला कोणी उठवले नाही, की तू नक्की कोणत्या विषयाची, असेही विचारले नाही. मी इतकी खूश क्वचितच झाले असेन.

६. आता मुख्य अडचण. त्या संध्याकाळी माझा चेहरा बघून वडिलांनी बरीच वर्षे जपून ठेवलेली सागाची पट्टी काढली आणि आपल्या प्रवेशपत्रासाठी फ्रेम केली. अर्ज भरायच्या आधीच. काच लावून ती गल्ल्यासमोरच्या भिंतीवर टांगली. आत काय येणार असे कोणी विचारले, की ते “येतंय” एवढेच म्हणतात. एका गिऱ्हाइकाला ती फार आवडली, तर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फ्रेम विकायला नकार दिला.

दुसरा अर्ज परत आला तेव्हा मी ती उतरवून ठेवली. त्यांनी पुन्हा चढवली. म्हणाले, “नाही म्हणाले तरी पत्र पाठवतीलच ना? तेच लावू. माझ्या पोरीनं केवढ्याला हात घातला होता, ते तरी लोकांना दिसेल.” महोदया, त्यांच्यापुढे मला बोलता आले नाही, म्हणून आपल्याला सांगते. तो नकार मला बघवणार नाही. शिवाय दुकानातल्या काचा रोज मीच पुसते.

तरी रकाना क्र. ७ कोरा आहे तसाच स्वीकारावा. तो मी भरायला विसरलेले नाही. ती जागा मला अजून काही वर्षे मोकळी हवी आहे.

तसेच, निर्णय काहीही झाला तरी पत्र कृपया आडव्या कागदावर छापावे. वडिलांनी जन्मभर जास्त करून प्रमाणपत्रेच फ्रेम केली आणि ती सगळी आडवी असतात. पत्रे उभी येतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि ते त्यांना सांगायला घरात कोणीच तयार नाही.

आपली,
तिसऱ्यांदा नम्र,
(सही)
फ्रेमवाल्यांची धाकटी

दिनांक : मुदतीच्या आदल्या दिवशीचा

सोबत :
१) अर्ज, रकाना क्र. ७ वगळता पूर्ण भरलेला.
२) फ्रेमच्या आतल्या मापाचा दोरा. गाठीपर्यंत उंची, सबंध दोरा म्हणजे रुंदी. कागद थोडा लहान असला तरी चालेल, वडील बसवून घेतील.