शेवट सांगायचा नसतो, तरी

पप्पा,

काल डबा घेऊन लातूरला आलात आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत न थांबता बसस्टँडच्या उघड्या आवारात जाऊन झोपलात. मला लई राग आला. "छताखाली झोप येत न्हाई," एवढंच म्हणालात. किल्लारीच्या भूकंपात आजी गेली, तेव्हापासून तुमचं हे असंच.

मी बघते त्या एका जपानी ॲनिमेत, म्हणजे कार्टून मालिकेत, तुमच्यासारखाच एक बाप आहे. भूकंपानंतर तो अंगणातच झोपतो. तुम्ही बघाच, असं सांगावं वाटतं. पण मग क्लासचा अभ्यास सोडून मी काय करायले ते कळेल, आणि मोबाइल जाईल.

आम्ही ॲनिमेवाले शेवट कुणाला सांगत नसतो. पण मोबाइल गेला तर गेला, तुम्हाला सांगते. शेवटी तो घरात झोपतो. मुलगी रात्रभर दार उघडं धरून बसते.

दाराशी बसायला तयार असलेली,
रेणुका