सहा किलो दोनशे

प्रिय काटेवाली,

वस्तीवरच्या बायका तुला या नावानं हाक मारतात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. कसं कळलं ते पुढे सांगते. तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. वजनकाटा खांद्यावर टाकून तो चढ चढणं काय असतं, ते मी आता पाहिलंय.

माझं बरं चाललंय. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारचं टेबल मिळालंय. आई सगळ्यांना सांगत सुटते, आमची मुलगी नकाशे रंगवते. तिला वाटतं मी ब्रश घेऊन बसते. तुम्ही दर महिन्याला एकेका मुलाचं वय आणि वजन पाठवता, मी ते भरते आणि वस्तीवस्तीचा ठिपका हिरवा, पिवळा किंवा, मुलं वजनात फारच कमी असली तर, लाल होतो. भरलेलं मी तीनतीनदा ताडून पाहते. हसू नकोस. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलं नाही. माझ्यापाठचा भाऊ दीड वर्षाचा होऊन गेला, तो कुठल्याच कागदावर नाही. म्हणून कागदावर एकदा उतरलं की ते खरंच असलं पाहिजे, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलंय.

जुने नकाशे मी महिन्यांच्या क्रमानं एकावर एक ठेवते. लाल रंग वाटेल तिथे पसरत नाही गं. डांबरी रस्ता संपतो तिथून तो सुरू होतो, नदीच्या पलीकडच्या काठानं वर चढतो आणि डोंगराच्या कडेला दाट होतो. दोन वर्षांत तो मागे हटत गेला, ओल सुकावी तसा. राहिला एकच ठिपका, तुझ्या वरच्या वस्तीचा. सगळ्या बाजूंनी हिरवं आणि मध्ये तो, दर महिन्याला जरा अधिक गडद.

आकडे उघडून पाहिले तर तिथली तीन मुलं लाल रेघेखाली. दोन मुली, कधी शंभर ग्रॅम वर, कधी शंभर खाली, मुलांचं असतं तसं. तिसरा एक मुलगा. सहा किलो दोनशे. पुढच्या महिन्यात सहा किलो दोनशे. चौदा महिने सहा किलो दोनशे. वय वाढत होतं, वजन हलत नव्हतं. मला वाटलं, तू कंटाळून मागचाच आकडा उतरवतेस. मी शेरा मारला, ‘आकडा तपासावा.’ तुझं उत्तर आलं, ‘तपासला. बरोबर आहे.’ पुन्हा विचारलं, तर ‘काट्यानं दाखवलं तेच लिहिलंय.’ तू खोटं बोलत नाहीस. वसतिगृहात माझ्या डब्यातलं खाल्लंस तरी मी विचारायच्या आत कबूल करून मोकळी व्हायचीस. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मग मी न कळवता आले. तू पाठमोरी, झाडाच्या फांदीला काटा टांगत होतीस. मी डोक्याला रुमाल बांधून रांगेच्या शेवटी उभी राहिले. माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर चादरीत गुंडाळलेलं मूल घेऊन. त्याच्याशी बोलत होती, “आज रडायचं नाही हं, मावशी नुसता झोका देणार.” आजूबाजूच्या बायका तुला काटेवाली म्हणत होत्या. एकीनं सरकून तिला सावलीत जागा दिली. चप्पल नीट करायला ती वाकली आणि मला म्हणाली, “ताई, धरता का जरा?” मी घेतलं. हाताला मूलच लागलं. तेवढंच जड, उन्हानं ऊबदार. मी नकळत मानेखाली हात दिला. चादरीची कड सरकली आणि आतल्या शिवणीतून माझ्या तळव्यावर वाळू सांडली. तिनं ती बोटानं कणकण गोळा केली, परत आत घातली आणि म्हणाली, “असं सांडत राहतं, मग वजन भरत नाही.”

तू काटा वाचलास. “तेवढंच आहे, वहिनी.” ती म्हणाली, “खातच नाही हो. हट्टी आहे, बापावर गेलाय.” तू म्हणालीस, “पुढच्या महिन्यात बघू,” आणि लिहिलंस. मी तुला न भेटताच उतरले, त्याबद्दल हवं तेवढं रागाव. वाटेत एका म्हातारीनं सांगितलं, तिचं पोर गेलं त्याच्या आदल्या दिवशी काट्यावर तेवढंच भरलं होतं.

परत येऊन नियम वाचला, तेव्हा तुझं गप्प राहणं कळलं. लाल रेघेखाली तीन मुलं असतील तरच वस्तीवर आहारकेंद्र. दोनच उरली तर बंद, आणि त्यांनी रोज खाली यायचं. त्या चढानं, त्या दोन मुलींनी! आधी तू त्या आईसाठी लिहिलं असशील, नंतर त्या दोघींसाठी. मग मी हिरव्या वस्त्यांचे आकडेही मागे जाऊन पाहिले. नऊ वस्त्यांत मिळून एकोणतीस नावं लालमधून पिवळ्यात आलीच नाहीत, सरळ यादीतून गेली. काहींची घरं कामासाठी दुसरीकडे गेली असतील. काहींचीच. तेव्हापासून मला हिरव्या रंगाकडे बघवत नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगितलंय, तुला न विचारता. ते म्हणाले, “पुसून टाक की, दोन मिनिटांचं काम.” मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. म्हटलं, आधी स्वतः येऊन बघा. गुरुवारी ते गाडी घेऊन येताहेत, मी बरोबर आहे. तुझी नोकरी जाऊ शकते. नोंद माझ्या सहीनं पुढे गेली, हेही मी लिहून दिलंय. हे पत्र एवढ्यासाठीच की त्या दिवशी तिला घरी थांबवू नकोस. नेहमीसारखी रांगेत येऊ दे, त्या दोन मुलींना पुढे बसव आणि काटा साहेबांना वाचायला दे. तिच्या दुःखाचा आपण वापर करतोय का, हे मी रोज स्वतःला विचारते. तुलाही तसं वाटलं तर बुधवारपर्यंत फोन कर, मी गाडी थांबवीन, कशी ते माहीत नाही. नाहीतर येऊ दे त्यांना. वजन का वाढत नाही, ते तिला त्यांनी सांगावं. आणि नोंद पुसायचीच असेल, तर माझ्या टेबलावर नको. तिथं, त्या झाडाखाली, तिच्या देखत, त्यांनी स्वतःच्या हातानं पुसावी.

तुझीच,
गुरुवारी गाडीतून उतरून तुझ्या बाजूला उभी राहणारी