सितुमादादांचा पेटा आणि माझे लोडेड फ्राइज

३ ऑगस्ट, रविवार
ठरलं. सतरा तारखेला नालियाकाचे दोघे भाऊ माझ्या फ्लॅटवर येणार. निमित्त मॅचचं, खरं काम मला बघण्याचं. थोरल्या सितुमादादांनी मान डोलावली तर गोष्ट गावी, बुंगोमाला, तिच्या वडिलांपर्यंत जाईल. नाही डोलावली तर लग्न विसरायचं. नालियाकाशिवाय दुसरी कोणी मला नको आहे. त्यामुळे या वेळी एकही चूक करायची नाही.

मेनू पक्का: उगाली नाही. मक्याच्या पिठाचा तो गोळा आम्ही बुकुसू लोक जन्मभर खातो. आता मी नैरोबीत राहतो, टाय लावून मोबाइल विकतो. लोडेड फ्राइज करणार. मोठ्या ताटात कुरकुरीत फ्राइज, वर चीज सॉस, चिकन, मिरची, कांद्याची पात. मध्ये ताट, भोवती माणसं. एकदम कॅज्युअल.

६ ऑगस्ट, बुधवार
नालियाकाला मेनू सांगितला. म्हणाली, अरे, माझे भाऊ बटाट्याला जेवण म्हणत नाहीत, उगाली आणि कोंबडीचा रस्सा कर, बाकी काही नको. मी म्हटलं, बघू.
किती काळजी करते. मला कष्ट पडू नयेत म्हणून सोपं सुचवते.

९ ऑगस्ट, शनिवार
पहिली ट्रायल. व्हिडिओतला अमेरिकन माणूस बटाटे पाण्यात भिजवतो, पुसतो, दोनदा तळतो. मी एकदाच तळले. वेळ वाचतो. बाहेरून काळे, आतून कच्चे झाले. बटाटेच नीट नव्हते. सॉसची गुठळी झाली, पण चव होती.

वरच्या मजल्यावरचा वेपुखुलु वासाने खाली आला. आमच्याच बाजूचा, एकटा राहतो. बशी साफ केली आणि विचारतो, उगाली कुठाय. हा माणूस सुधारणार नाही.
उद्यापासून रोज सराव.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सराव झाला नाही. पण व्हिडिओ पुन्हा बघितला. थिअरी तयार आहे.
नालियाकाचा फोन. पुन्हा उगाली. म्हटलं, बघू.

१६ ऑगस्ट, शनिवार
नालियाका स्वतः येऊन गेली. एका हातात तिच्या आईने गावाहून पाठवलेला जिवंत कोंबडा, दुसऱ्या हातात मक्याचं पीठ. समोर बसवून शिकवल्यासारखं सांगितलं. कोंबड्याचे मोठे तुकडे ठेव. रस्सा कर. आणि पेटा, कलेजीसोबत निघते ती मांसाची पिशवी, अख्खा, सितुमादादांच्या ताटात. पेटा घरातल्या थोरल्या पुरुषाचा मान; वडील आता प्रवास करत नाहीत, तेव्हा बाहेर तो मान दादांचा. म्हणाली, बाकी सगळं बिघडलं तरी मी सांभाळून घेईन, पेटा तेवढा बिघडवू नकोस.
मी सगळं नीट ऐकलं. ऐकता ऐकताच सुचलं की मक्याचं पीठ लावून फ्राइज तळले तर ते जास्त कुरकुरीत होतील. तिने पीठ आणलं ते बरंच झालं.

कोंबडा वेपुखुलुने कापला. मला नेमका तेव्हाच एक महत्त्वाचा फोन करायचा होता.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळ
पेट्यावर विचार केला. पेटा एक, माणसं चार. (वेपुखुलु स्वतःच स्वतःला बोलावून बसलाय.) एकालाच देणं कॅज्युअलमध्ये बसत नाही. बारीक चिरून सॉसमध्ये टाकला. सगळ्यांना सारखा मान. असं आमच्या जमातीत आजवर कोणाला सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी दोन
ताट तयार. सॉस ओतला, फोटो काढला. सुंदर. पाहुणे यायचेत.
आमच्याकडे दोन म्हटलं की माणसं पाचला येतात. मी स्वतः आजवर कुठे वेळेवर गेलेलो नाही. पण फ्राइजसाठी लोक वेळ पाळतील असं वाटलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पावणेपाचला आले. तोपर्यंत ताटात एक अखंड थर झाला होता. सुरीने कापून वाढला. धाकटा कुंडू म्हणाला, हा केक आहे का? मी म्हटलं, नवीन पद्धत आहे.
सगळं संपवलं. कुंडू म्हणाला, झकास, आता भूक लागली. दोघांनी हात धुतले आणि पुन्हा येऊन बसले. मॅच संपली. बसलेच. सितुमादादा यंदाच्या मक्याबद्दल बोलले. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. पाहुण्यांचा पाय निघत नाही याचा अर्थ उघड आहे.

मग सितुमादादांनी हळूच विचारलं, पाहुणं, त्या कोंबड्याला पेटा नव्हता का? मी अभिमानाने सांगितलं की होता, आणि आपण चौघांनीही तो खाल्ला. कुंडूने वेपुखुलुकडे बघितलं. वेपुखुलुने जमिनीकडे. कल्पना नवी असली की पचायला वेळ लागतो.

वेपुखुलु उठून वर गेला आणि पातेलंभर उगाली आणि परतलेली भाजी घेऊन आला. आगाऊपणाला सीमा नाही. दोघे भाऊ पुढे सरकून बसले. सितुमादादा म्हणाले, बस रे पोरा, तूही बस, आज सकाळपासून आत्ता जेवतोय. मग त्यांनी त्याला विचारलं, तुझं गाव कोणतं, लग्न झालंय का?
जाताना दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात नव्हती, पण थाप होती.

१८ ऑगस्ट, सोमवार
नालियाका फोन उचलत नाही. घरी माझ्याबद्दलच बोलणं चाललं असणार.

२० ऑगस्ट, बुधवार
अजून नाही. बुंगोमाला आईला कळवत असेल.
सुधारणा: पुढच्या वेळी सॉस वेगळ्या वाटीत.

२४ ऑगस्ट, रविवार
आली. बसली नाही. म्हणाली, पेट्याचा राग दादांना आहे, तो आज ना उद्या उतरेल. माझा उतरणार नाही. मी तुला किती वेळा सांगितलं. कोंबडा आणून दिला, पीठ आणून दिलं, अगदी पेट्याचं हातावर लिहून द्यायचं बाकी ठेवलं होतं. तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर कोण ओतत बसणार? सिमियु, प्रश्न बटाट्याचा नव्हता रे.

उरलेलं पीठ पिशवीत घातलं आणि गेली. मी गॅलरीत उभा राहिलो. रस्त्याला लागेपर्यंत तिने एकदाही वर बघितलं नाही. फार वाईट वाटलं.

मग आत येऊन तिचं बोलणं शांतपणे आठवून बघितलं. प्रश्न बटाट्याचा नव्हता, हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

म्हणजे फ्राइज जमले होते.