स्क्रीन काळी झाली तर

चि. छकुली,

शाळेला सरकारकडून दहा कॉम्प्युटर मिळाले, तेव्हा वर्गात मी तुझी मावशी कमी आणि बाईच जास्त होते. "स्क्रीन काळी झाली तर कशालाही हात लावायचा नाही. हाताची घडी घालून गप्प बसायचं, मी येते," असा माझा दम असायचा. काही बिघडलं तर माझ्या अंगाशी येईल, एवढीच माझी अक्कल.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत तू प्रश्न वाचत असताना स्क्रीन काळी झाली. तू हाताची घडी घालून बसलीस. पर्यवेक्षकांना वाटलं, पोरीचा पेपर झाला. वेळ संपेपर्यंत तू तशीच बसून होतीस.

ताई अजून म्हणते, "पोरगी घाबरली." तूही होकारार्थी मान डोलावतेस. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस.

नुसता माउस हलवायचा होता गं. आम्हा शिक्षकांच्या कॉम्प्युटर प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी हेच शिकवलं होतं म्हणे. मी त्या दिवशी हजेरीवर सही ठोकून दुपारीच घरी सटकले होते. प्रमाणपत्र मात्र मिळालं. त्याची फ्रेम तूच हौसेने भिंतीवर टांगलीस.

हा कागद त्या फ्रेमच्याच मागे सरकवून ठेवतेय.

'येते' म्हणून न आलेली,
तुझी मावशी