मांगं येऊन राहिला

८ जानेवारी, रवि.

हरलो. कॉम्प्युटरवरच्या विमानांच्या लढाईत. माझ्या रशियन मिग विमानामुळे नाही, हे आधी लिहून ठेवते. ग्रुपवर आता आठवडाभर तेच चालणार. रशियन भंगार, रशियन डबा, रशियन ट्रॅक्टर.

दोन मिग-२९ विरुद्ध दोन एफ-१६. आमच्यात विनू पुढे, मी त्याची नंबर दोन. तो पुण्यात त्याच्या फ्लॅटमध्ये, मी इथं आंधळगावात, दुकानामागच्या खोलीत, कोशाच्या रेशमी साड्यांचे गठ्ठे बाजूले सारून कॉम्प्युटरपुढे. सुरुवात तर झकास झाली. समोरच्या एफ-१६ वाल्या राहुल सरांचा जोडीदार उजव्या हाताले दिसला, मी नुसती मान वळवली, हेल्मेटच्या निशाण्यात तो आला, क्षेपणास्त्र सोडलं. खलास. विमानाचं नाक त्याच्याकडे करायचीसुद्धा गरज नाही. दोन्हीकडे ऐंशीच्या दशकातलंच सामान वापरायचं असा आमचा नियम, म्हणून हेल्मेट फक्त मिगवाल्यांकडे. आहे का तुमच्या ‘प्रगत’ विमानात? नाही ना?

मग राहुल सर एकटे उरले. ढगातून खाली आले ते थेट विनूच्या शेपटीकडे. मले दिसले, विनूले नाही. मिगमधून मागचं काही दिसतच नाही, त्यासाठी तर नंबर दोन असते. मी सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या माईकवर ओरडली, “विनू, मांगं येऊन राहिला! मांगं येऊन राहिला!”

आणि आमच्या शहाण्यानं काय करावं? वळण सोडून विमान सरळ केलं. सरळ! आरामात! पेटलाच मग. त्याच्या मागून मी पण पडली, एकटी किती वेळ टिकणार.

खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, “ताई, तू म्हणालीस तो मागे राहिला. मला वाटलं सुटलो आपण.”

बाप्पा! काय बोलावं!

९ जाने., सोम.

डोकं अजून तापलेलंच. सकाळी गिऱ्हाईकाले हिरवी दाखवायची ती पिवळी काढून ठेवली.

मांगं येऊन राहिला, म्हणजे मागून येत आहे. मागे राहिला, म्हणजे मागे पडला. पुण्यामुंबईच्या माणसाले नसेल समजत, मान्य. त्यांचा काही गुन्हा नाही. पण विनू? माझा सख्खा भाऊ? कारध्याच्या पुलावरून आम्ही दोघं एका सायकलवर भंडाऱ्याच्या शाळेत जात होतो. तो चालवे, मी मागे बसून मागचं पाहे. “विनू, ट्रक येऊन राहिला!” असं मी म्हटलं की हा सायकल कठड्याले चिकटवून उभी करे. एकदाही असं झालं नाही की ट्रक मागे राहिला समजून हा मधून गेला. तेव्हा बरं समजत होतं. जिवंत आहे ना त्याच्यामुळे!

११ जाने., बुध.

ग्रुपवर राहुल सरांनी व्हिडिओ टाकला. माझा आवाज, “मांगं येऊन राहिला”, तोच तोच फिरवून, खाली ढोलकीचं म्युझिक, आणि मग विनूचं विमान पेटताना. खाली हसऱ्या तोंडांची रांग.

त्या रांगेत विनूचं पण तोंड आहे. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं ते.

त्याच्याखाली रा. सरांचा मेसेज. “ताईंचा आवाज गोड आहे, पण यापुढे सर्वांनी माईकवर शुद्ध मराठी किंवा इंग्रजी वापरावी, सुरक्षेच्या दृष्टीने.” सुरक्षा! कॉम्प्युटरातल्या विमानाची सुरक्षा! पडलं तर एक बटण दाबलं की नवं मिळते.

हे दुकानाचं शटर ओढून आत आले. माझं तोंड पाहून म्हणाले, “काय झालं? विमान पडलं का पुन्हा?”

“रविवारीच पडलं. विनूचं.”

“मंग तू कायले रडून राहिली?”

“रडून नाई राहिली. चिडून राहिली!”

“बरं बरं. चिडून झालं की भात लाव,” म्हणाले. मी म्हटलं तुम्हीच लावा. लावला बिचाऱ्यांनी. पाणी जास्त झालं.

१२ जाने., गुरु.

आज एक गोष्ट लक्षात आली आणि एकटीच हसली, मग पुन्हा राग आला.

मिगमध्ये एक बाई बोलते. इंधन कमी झालं, जमीन जवळ आली की आतून सांगते. रशियनमध्ये. आमच्या ग्रुपमधल्या एकाचीही आई रशियन नाही, तरी सगळ्यांनी ती बाई समजून घेतली. शब्द पाठ केले. आतल्या बटणांवरची रशियन अक्षरं एक एक करून लावली, त्यावर संध्याकाळ संध्याकाळ चर्चा केली, राहुल सर तर एफ-१६ वाले असून त्यात पुढे. त्या बाईले कोणी म्हटलं नाही की बाई, जरा शुद्ध बोला.

तिच्यासाठी शिकता, माझ्यासाठी एक ‘राहिला’ शिकता येत नाही?

आणि विनूले तर शिकायचंही नव्हतं. त्याले तर आईनं शिकवलं होतं.

१५ जाने., रवि. संक्रांत

सामना नव्हता. घरी ह.कुं., बाया येऊन गेल्या. ग्रुपवर सकाळपासून एकच, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. राहुल सरांनी पण टाकलं. गोड बोला, पण शुद्ध बोला, असं म्हणा ना पूर्ण!

बाया गेल्यावर विनूले फोन लावला. सरळच विचारलं.

“तुले खरंच समजलं नाई का रे?”

“ताई, मला तसंच ऐकू आलं.”

“कारध्याच्या पुलावर कसं ऐकू येत होतं?”

तो म्हणाला, “ताई, तू समजून घे. राहुल माझा बॉस आहे. बाकीचे पण ऑफिसचेच. तिथं मी असा... तिथं मी वेगळा असतो.”

म्हणजे समजलं होतं का नव्हतं? मी तेवढंच विचारत होती. समजलं नसेल तर माझा भाऊ हरवला, समजून न समजल्यासारखं केलं असेल तर... काय लिहू. दोन्हीत मलेच हसायचं का सगळ्यांनी?

मग म्हणे २२ ला पुन्हा सामना आहे. तुला यायचं असेल तर ये, पण इंग्रजी शब्द ठरलेत तेच बोलायचे. मागे कोणी असेल तर ‘चेक सिक्स’. नाहीतर राहुल दुसऱ्या कोणाला तरी माझा नंबर दोन करणार आहे. “मला तूच पाहिजेस ताई, तुझ्यासारखी नजर कोणाची नाही,” हे पण म्हणाला. हे मात्र फोनवर. ग्रुपवर नाही.

येते म्हटलं. काहून म्हटलं माहीत नाही. मिग सोडवत नाही, आणि त्याची पाठ दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडवत नाही.

१८ जाने., बुध.

दुकान रिकामं होतं. शत्रूचं विमान चालवून पाहिलं, एफ-१६. खरं लिहायचं तर सुखाचं आहे. वर सगळी काचच, मागचं पुढचं सगळं दिसते, नंबर दोनची गरजच काय. दांडा कितीही ओढा, कॉम्प्युटर ठरवतो किती वळायचं, विमान तुटू देत नाही. मिग तसं लाडावत नाही. जास्त ओढलं तर दांडा हाताले झटका देऊन सांगतो, तरी ओढायचं असलं तर ओढ बाई, तुझी मर्जी. मले तेच आवडते. पण आज एफ-१६ पण आवडलं, याचाही राग आला.

एक फजिती. उंचीचा पंधराशेचा आकडा पाहून मी आरामात खाली नाक केलं, आणि सरळ जमिनीत. ते फूट होते. मिगमध्ये मीटर असतात. दुकानात वार आणि मीटर यात आजवर कधी गफलत केली नाही मी!

हे मागे उभे राहून पाहून राहिले होते. दोन्ही विमानांतलं क्षितिजाचं घड्याळ मी त्यांना दाखवलं. एफ-१६ मध्ये विमान कलंडलं की घड्याळात विमान जागच्या जागी राहते आणि जमीन वाकडी होते. मिगमध्ये जमीन सरळ राहते, विमान वाकडं होते. राहुल सर म्हणतात रशियनांचं घड्याळ उलटं आहे.

“उलटं कसं?” हे म्हणाले. “जमीन कधी वाकडी होते का? वाकडा तर विमानवाला होते.”

हे मी ग्रुपवर टाकणार होती. टाकलं नाही. ‘विमानवाला होते’ वरून पुन्हा हसले असते.

२२ जाने., रवि.

सामना आत्ताच संपला. लिहून टाकते.

मी शहाण्यासारखी बोलली. ‘चेक सिक्स’, ‘कॉपी’, सगळं. तोंडात खडे ठेवून बोलल्यासारखं. राहुल सर म्हणाले पण, “वा ताई, सुधारणा आहे!” दात-ओठ खाल्ले.

पहिलं एफ-१६ विनूनं पाडलं. मग मी राहुल सरांना शोधत वळली, सूर्य डोळ्यांवर, काही दिसेना. आणि अचानक कानात विनू. त्याचा ऑफिसचा आवाज नाही. सायकलवरचा आवाज.

“ताई! ताई मांगं येऊन राहिला! तुह्या मांगं येऊन राहिला वं!”

मी विचार नाही केला. दांडा पोटाशी ओढला, झटका बसला, तरी ओढला. पडद्यावर सगळं काळं. राहुल सर माझ्या बाजूनं सुसाट पुढे निघून गेले, आणि विनूनं नुसती मान वळवली. हेल्मेट. क्षेपणास्त्र. पेटले राहुल सर!

मी खुर्चीतून उठून नाचली. हे दुकानातून धावत आले, काही जळलं का म्हणून.

मग माईकवर राहुल सरांचा आवाज. “अभिनंदन. पण विनय, तू ओरडलास काय ते? कळलं नाही.”

बोल विनू, आता तरी बोल.

“काही नाही सर. आवाज तुटला बहुतेक. माईक खराब आहे.”

माईक खराब! माझं बोट बटणावर होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. भावाले त्याच्या बॉससमोर खोटं पाडायचं होतं. बोट काढलं. जिंकलो, आणि रडू आलं. आज चिडून नाही, आज खरंच रडून राहिली होती.

पण समजते त्याले. सगळं समजते! पहिल्यांदा पण समजलंच असेल. नाही का?

२४ जाने., मंगळ.

दुपारी विनूचा फोन. इतक्या वर्षांत ऑफिसच्या वेळात पहिल्यांदा.

“काय करून राहिली ताई?”

‘करून राहिली’ म्हणाला! मी म्हटलं, “साड्या घडी करून राहिली. तू?”

“जिन्यात उभा आहो. म्हणून हळू बोलून राहिलो.”

“जिन्यात बोलते, तर ग्रुपवर काहून नाई बोलत रे?”

तो म्हणे, “ताई, रविवारचं रेकॉर्डिंग तुह्याकडं आहे ना? ग्रुपवर नको टाकू. माह्यासाठी.”

“मी नाई टाकत. तू टाक. तुह्या हातानं टाक आणि खाली लिही, हे माह्या घरचं बोलणं आहे, याच्यानंच आपण जिंकलो. तेवढं कर.”

“ताई...”

“आणि एक सांग. ८ तारखेले समजलं होतं ना तुले?”

मोठा श्वास ऐकू आला. सांगणारच होता, मले पक्कं माहीत आहे. तेवढ्यात तिकडे दार वाजलं, कोणीतरी जिन्यात आलं, आणि त्याचा आवाज बदलला.

“हो, हो. मी नंतर बोलतो तुमच्याशी.”

तुमच्याशी. मले! पुलावर मागे बसून याची पाठ सांभाळली त्या बहिणीले, तुमच्याशी!

संध्याकाळी ग्रुप तीनदा उघडून पाहिला. काही नाही. रविवारी पुन्हा सामना आहे, नंबर दोनमध्ये माझं नाव आहे. मी जाणार. माईक चालू ठेवून बसणार, पण आधी मी बोलणार नाही. माझ्या मागून कोणी आला तर विनू काय बोलतो ते ऐकायचं आहे.