सगळ्यांचा फळा अन् सायंकाळचा चोर

बाभुळगाव,
रविवार

आदरणीय साडभाऊ नानाजी,

रामरावचा रामराम. तुमचे गुडघे काय म्हणतात? खदानीतून रिटायर झाले तरी वणीची धूळ काही तुमाले सोडत नसेल. आमच्याकडे सगळं ठीक. शकुबाई (तुमच्या घरच्यांची धाकटी बहीण, तिची खबर माझ्यापेक्षा तुमालेच जास्त असते) तब्येतीनं बरी आहे. कापूस वेचाले बाया भेटत नाही म्हणून रागात आहे, अन् वावरातला राग घरी येऊन माझ्यावर निघते. शाळेत मी प्रमाण भाषा शिकवतो, पण घरच्या माणसाले लिहिताना ते सोंग कायले कराचं? म्हणून आपल्याच बोलीत लिहून राह्यलो. अन् फोन सोडून पत्र लिहितो त्यालेही कारण आहे. फोनवर माझा भरवसा राह्यला नाही. काहून, ते सांगतो.

आमच्या शाळेत राखी मॅडम म्हणून नव्या आल्या. हसतमुख बाई. सगळ्यायले 'सर, चहा घेता का' विचारते, तिथूनच मले संशय आला. (बिनकामाचा चहा कोणी विचारत नाही, हे खदानीत जन्म काढलेल्या माणसाले मी काय सांगू.) कोण्या संस्थेनं शाळेले टॅब देले होते, ते कपाटात पडून होते. ह्या बाईनं ते काढले अन् पोरायसाठी एक ऑनलाइन पान तयार केलं. पोट्टे बाकावर बसून टॅबमध्ये लिहितात अन् सगळ्यायचं लिहिलेलं भिंतीवरच्या टीव्हीत त्या एकाच पानावर दिसते. एकानं लिहिलं की दुसरा खाली जोडते, तिसरा त्याची वेलांटी सुधारते. मॅडम त्याले 'सगळ्यांचा फळा' म्हणतात. हेडमास्तर खूश झाले, म्हणे रामराव सरांनीही दहावीच्या मराठीले हाच फळा वापरावा. मी तिथंच समजलो. मी रिटायर व्हाच्या आधीच माझी दहावी माझ्या हातातून काढाचा हा डाव होता.

तरी वापरला. खोटं कायले बोलू, पोट्टे लिहाले लागले. अन् सगळ्यात मोठं नवल प्रेरणाचं, ते पुढं सांगतोच. ही पोरगी बंजाऱ्यायच्या तांड्यावरची. घरी गोर बोली, वर्गात मराठी बोलली की मागच्या बाकावरचे हसतात, म्हणून तिनं बोलणंच सोडलं. पाचवीपासून मी तिचा आवाज हजेरीपुरता ऐकला. हाताखालून किती पोरं गेली, पण हिचं तोंड काही माह्याकडून उघडलं नाही, याचं मले मनातून वाईट वाटे.

आता माझी शिस्त तुमाले माहीत आहे. तास संपला की माणसानं आपला फळा आपण पुसावा, पुढच्या मास्तरले कोरा भेटला पाहिजे. (विज्ञानाचे भारत सर बेडकाची आकृती तशीच सोडून जातात. त्याच्यावरून आमचं बोलणं बंद आहे.) हा नवा फळाही मी त्याच शिस्तीत ठेवला. शाळा सुटली की लिंबाखाली गाडीवर बसाचं, मोबाईलमध्ये पान उघडाचं, वरून खालपर्यंत निवडाचं अन् साफ पुसून टाकाचं. आपल्या मोबाईलमधला फळा मी एक दिवस घाण ठेवला नाही. बाकीच्यायच्या टॅबमध्ये काय पसारा असेल, देव जाणे.

अन् इतकी काळजी घेऊनही पानावर चोरी होऊ लागली. पोट्टे सांगत, सर, घरी जाऊन पाहिलं तं पान कोरं. सकाळी पाहावं तं सगळं जागच्या जागी. माह्या मोबाईलमध्येही, मी स्वतः पुसलेलं, परत हजर. सायंकाळी माल नेऊन सकाळी आणून ठेवणारा चोर तुम्ही कधी पाहिला का? मी स्टाफरूममध्ये आवाज उठवला. हेडमास्तरनं चौकशी समिती नेमली अन् समितीत एकटा मलेच टाकलं. समितीच्या नात्यानं भारत सरले विचारलं तं ते नुसते हसले, म्हणून संशयाच्या यादीत त्यायचं नाव वर घेतलं. राखी मॅडमनं मलेच उलटं विचारलं, "सर, तुम्ही सायंकाळी पान उघडता का?" म्हटलं, रोज, माह्यासारखं लक्ष कोणाचंच नाही. त्या म्हणाल्या, "हो सर, ते दिसते." अन् चहा विचारला. त्यायचं नाव भारत सरच्याही वर गेलं.

गुरुवारी मॅडम नात्यातल्या लग्नासाठी रजेवर गेल्या. त्या दिवशी मी पोरायले विषय देला, 'आमच्या घरातला आवाज'. प्रेरणानं टॅब ओढला अन् मान खाली घालून तास संपेपर्यंत लिहिलं. मी वरच्या ओळी वाचल्या: 'विजेची लाइन येते तेव्हा तिचा आवाज नसते. पण ती आली की आमचं सारं घर बोलाले लागते.' नानाजी, मी खुर्चीतून उठून उभा राह्यलो. बाकीचं उद्या सावकाश वाचू म्हटलं, अन् नेहमीसारखा आपला फळा पुसून घरी आलो. शुक्रवारी पान कोरं. शनिवारीही कोरं. प्रेरणाले वाटलं, तिची मराठी चुकली म्हणून कोणीतरी मुद्दाम मिटवलं. टॅब दुसऱ्याकडे सरकवून बसली. चोर सापडला तं मी त्याले सोडणार नाही.

घरच्यांना नमस्कार.

तुमचा साडभाऊ,
रामराव

ता. क. : पत्राचं खरं काम राह्यलंच. तुमची उज्ज्वला नागपुरात कॉम्प्युटरमध्ये आहे. तिले गुपचूप विचारा, असा चोर पकडाचा कसा? या हप्त्यात समितीचा अहवाल द्याचा आहे.

पुन्हा ता. क. : शकुबाईनं मागं उभं राहून पत्र वाचलं अन् सरळ उज्ज्वलाले फोन लावून माह्या कानाले टेकवला. पोरीनं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावसाजी, ते पान एकच आहे. तुम्ही तुमच्या मोबाईलमध्ये पुसलं की साऱ्यायचं पुसलं जाते. अन् कोणी पुसलं, तेही त्यात लिहून येते." म्हणजे राखी मॅडमले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाई रोज सकाळी सारं परत आणून ठेवे अन् वरून मले चहा विचारे. मले फार लाज वाटली. पुसलेलं परत कसं आणाचं ते उज्ज्वलानं सांगितलं. प्रेरणाचं सारं परत आलं. आता अहवालात 'चोर सापडला, तो जुन्या शिस्तीचा आहे' एवढंच लिहिलं तं चालेल का? (ही बातमी वणीत पत्राच्या आधी पोचली असेल. तरी पत्र पाठवतो, माझी बाजू मांडाले दुसरं कोणी नाही.)

शेवटचं ता. क., सोमवार : वर्गात सांगून टाकलं की पुसणारा मीच. कोणी हसलं नाही, म्हणजे साऱ्यायले आधीच माहीत होतं. एकटी प्रेरणाच माह्याकडे पाहत राह्यली. मग तिनं टॅब ओढला. शाळेच्या फळ्यावर काही ठेवाचं असलं की मी कोपऱ्यात चौकट आखून सूचना लिहितो. तशीच चौकट तिनं आपल्या लिहिलेल्याभोवती आखली अन् खाली लिहिलं, 'पुसू नये.' सायंकाळी लिंबाखाली बोटं शिवशिवली. मोबाईल खिशात ठेवला, वर्गात परत गेलो अन् भारत सरांचा बेडूक पुसून आलो.