मेंढीचे डोळे

एर्मेक,
बेगायिमला घेऊन बिश्केकला चाललेय. पोरीच्या डोळ्यांत जन्मापासूनच मोतीबिंदू आहे. ती दोन महिन्यांची असतानाच ऑपरेशन व्हायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तीन वर्षं तुझी आई नुसती दृष्ट काढत बसली आणि पाहुणे आले की तू पोरीला मागच्या खोलीत कोंडत राहिलास. आता एकाच डोळ्याची आशा आहे.

संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी मेंढीचं डोकं शिजवून कढईत ठेवलंय. ज्याचं तोंड पुन्हा बघावंसं वाटतं, त्याच्याबरोबर मेंढीचा डोळा वाटून खायचा असतो. लग्नात आपणही खाल्ला होता.

या मेंढीचे दोन्ही डोळे मी कुत्र्याला घातलेत.

बुरुल